गुडघ्याखालची गुणगुण

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही इस्पितळातल्या सिस्टरने दिली. रोज चालायला जायचं, पोटरी दुखू लागली की थांबायचं आणि तोवर किती पावलं झाली ते लिहायचं, एवढाच तिचा हुकूम. पण वही दोनशे पानी आणि पावलांना रोज एक ओळ पुरते. पस्तीस वर्षं लोकांच्या घरचे नळ दुरुस्त केले, त्यामुळे रिकामी जागा दिसली की तिथून एखादा पाइप न्यायची खोड आहे. म्हणून बाकीचंही लिहिणार.

पहिल्यापासून सांगतो. उजव्या पायाची मुख्य धमनी मांडीतच चोंदली होती. अंगठ्याची जखम चार महिने भरेना, काळी पडू लागली. सर्जनसाहेबांनी आडपडदा ठेवला नाही. खाली रक्त पोचलं नाही तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, म्हणाले. मग त्यांनी माझ्याच पायातली एक शीर काढली आणि चोंदलेल्या भागाला वळसा घालून वरखाली जोडून दिली. हे मला पटकन कळलं. मेन लाइन गेली की आम्हीही बायपासच टाकतो. मी विचारलं, "जॉइंटची गॅरंटी किती?" ते हसले नाहीत. "पहिलं वर्ष जपा," म्हणाले.

ऑपरेशनला तीन आठवडे झाले. जखम भरते आहे, पाचही बोटं जागच्या जागी आहेत. सकाळी उठून आधी ती मोजतो. पावलं २६०.

८ फेब्रुवारी, रविवार

घरात सध्या आम्ही तिघं. चिरंजीव जहाजावर, ते सहा महिन्यांनी उगवतात. सून इस्पितळाच्या मागच्या इमारतीत प्रयोगशाळेत काम करते. आज रविवार, तरी जेवणाच्या आधीच निघाली. आमची ही म्हणाली, "अगं, आज तरी चार घास खाऊन जा."

"आई, पेशींना खायला घालायचंय. दोन दिवस उपाशी आहेत बिचाऱ्या."

हिचा हात ताटातच थांबला. "उपाशी? कुणी ठेवलं त्यांना उपाशी?"

"मीच."

ज्या बाईने जन्मात दारातल्या मांजरालाही उपाशी जाऊ दिलं नाही, तिच्या घरात हे असं. 

संध्याकाळी मी सुनेकडून सगळं नीट विचारून घेतलं. शिरेच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूच्या पेशी असतात. शीर आवळायची, सैल सोडायची, एवढंच त्यांचं काम. वर्षानुवर्षं तेवढंच करतात, वाढत नाहीत. पण शिरेला इजा झाली की रक्तातून आणि शेजारपाजारच्या पेशींतून काही प्रथिनं त्यांना निरोप देतात, की आता वाढा. मग त्या नेहमीचं काम टाकतात आणि एकीच्या दोन, दोनांच्या चार होतात, जखम भरून काढतात. पेशीच्या पोटात आणखी एक प्रथिन असतं, त्याचं काम फक्त "आता पुरे" म्हणायचं. इजा झाली की ते कमी होतं, काम उरकलं की परत वाढायला हवं. काही माणसांत ते वेळेवर येतं, काहींत येत नाही. ते का, हेच सून चार वर्षं शोधते आहे. उपाशी ठेवायचं कारण, सगळ्या पेशी आधी एकसारख्या शांत व्हाव्यात. मग त्यांना वाढीचं प्रथिन द्यायचं आणि कोण कधी थांबतं ते बघायचं.

मी विचारलं, "प्रथिन म्हणजे तुझी सासू मला दुधात कालवून पाजते ती पावडर ना?"

"तेही प्रथिनच, बाबा. पण ते कुणाला निरोप देत नाही."

"चवीवरून वाटलंच," म्हटलं. पावलं ३१०.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पावलं ६४०. सुनेने कपाटाच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला आहे. संध्याकाळी आली की चपला काढायच्या आधी विचारते, "बाबा, किती?" आणि हिरव्या पेनाने ठिपका देते. शाळेत माझ्या प्रगतीपुस्तकाची रेषा कायम उतरणीला होती. साठाव्या वर्षी चढलेली बघायला मिळते आहे, तर रोज येताजाता बघून घेतो.

८ मार्च, रविवार

पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. अकराशे पावलं, पोटरी दुखली नाही.

पुलाच्या कठड्याला टेकून उभा होतो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. जानेवारीत मी हिच्या नकळत कुबड्यांचे भाव विचारून आलो होतो. सर्जनसाहेब, सिस्टर, भूल देणाऱ्या बाई, रात्रंदिवस उशाशी बसलेली ही, आणि ती बिचारी शीर. साठ वर्षं एका जागी गुपचूप काम केलं, तिला उचलून दुसरीकडे जुंपली, तरी चालते आहे. सगळ्यांचं भलं होवो.

पुढची तपासणी जुलैत. मधे काही वाटलं तर लगेच या, असं सिस्टर दहादा बजावते.

३१ मार्च, मंगळवार

१०२०. नवे बूट चावतात. सुनेला अकराशे सांगितलं. ऐंशी पावलांसाठी कशाला तिचा ठिपका खाली ओढायचा?

१२ एप्रिल, रविवार

८८०. ऊन फार आहे.

एक गंमत. आंघोळीनंतर पाय पुसत होतो. गुडघ्याच्या खाली, आतल्या बाजूला, जिथून नवी शीर कातडीखालून जाते, तिथे बोटांना काहीतरी लागलं. ठोका नव्हे, गुणगुण. मांडीवर मांजर बसलं की लागते ना, तशी बारीक आणि सारखी. दहा मिनिटं बोट ठेवून बसलो. लाइनला प्रेशर चांगलं आहे म्हणायचं. मन इतकं प्रसन्न झालं की हिलाही हात लावून बघायला सांगितलं. ती म्हणाली, "अय्या, बोलतोय की हो पाय."

१७ एप्रिल, शुक्रवार

सिस्टरचा फोन आला. किती चालता? म्हटलं, अकराशे. मग तपासणी ठरल्याप्रमाणे जुलैतच, म्हणाली. वहीत आजचा आकडा ८१० आहे. कालही पाहुणे आल्यामुळे चालणं झालं नव्हतं, पायांना आळस चढला असणार.

२४ एप्रिल, शुक्रवार

७००. त्यात दोनदा थांबलो. एकदा वरच्या मजल्यावरचे गाण्याचे मास्तर भेटले म्हणून, आणि एकदा चष्म्याच्या दुकानाची काच बघत. मला चष्मा नको आहे.

गुणगुण जोरात आहे. आता हात लावायला जावं लागत नाही, पाय दुमडून बसलं तरी जाणवते.

३ मे, रविवार

४८०.

खरं लिहितो, इथे तरी. पोटरीत पेटका येतो. अंगठ्याची जखम भरली आहे, पण अंगठा सकाळी थंडगार असतो. मग मी शिरेवर बोट ठेवतो, गुणगुण लागते आणि जीव भांड्यात पडतो. एवढी जोरात चालू आहे तर अडचण कसली? वयाचं असेल.

आणि थाप का मारतो, तेही लिहितो. गेल्या महिन्यात सुनेच्या पेशी दोनदा खराब झाल्या. सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली. काल आली ती थेट कपाटासमोर उभी राहिली. "बाबा, किती?" म्हटलं, "अकराशे दहा." तिने ठिपका दिला आणि म्हणाली, "दिवसभरात एवढी एकच रेषा मनासारखी गेली." आता ४८० कुठल्या तोंडाने सांगू? तिच्यासमोर पाय ओढत चालायचं नाही, हे मात्र कटाक्षाने पाळतो.

९ मे, शनिवार

घाईत लिहितो आहे, अक्षर वाचता आलं नाही तर नाही.

सकाळी मास्तर खाली आले. म्हणाले, "अहो, न्हाणीघरातली भिंत गातेय. तीही बेसूर. चार दिवस शिकवणी घेता येत नाही." ऑपरेशननंतर पान्हा हातात धरला नव्हता. म्हटलं, चला, तेवढाच हात मोकळा होईल. एक जिना चढायला दोनदा थांबलो. मास्तरांना वाटलं मी भिंत ऐकतोय.

असलं काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. नळ सुरू करायचा, पाइपावर तळवा ठेवायचा आणि सरकत जायचं. जिथे थरथर सगळ्यात जास्त, तिथे कुठेतरी वाट अडलेली असते. आतली झडप निसटून अर्धी खाली येते, उरलेल्या फटीतून पाणी जोरात घुसतं आणि पाइप गुणगुणतो. मोकळा पाइप कधी गुणगुणत नाही. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगत आलो.

व्हॉल्व्हच्या जरा पुढे माझा हात थांबला. तीच गुणगुण होती. महिनाभर रोज ज्या बोटांनी माझी शीर चाचपून मी खूश होत होतो, त्याच बोटांना तीच बारीक, सारखी थरथर लागत होती. हात काढवेना.

मास्तर म्हणाले, "काय हो, काय झालं?"

"अर्धा बंद आहे," म्हटलं.

"मग उघडा की."

व्हॉल्व्ह खोलला, झडप बसवली, भिंत गप्प झाली. जिना उतरून घरी आलो. सून बाहेर पडायच्या तयारीत होती. मी ही वही तिच्या हातात दिली. "पोरी, कपाटावरचं खोटं आहे. खरं यात आहे."

तिने उभ्या उभ्या पानं चाळली. फक्त आकडे बघितले, बाकीचं वाचलं नाही. मग खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि गुडघ्याखाली दोन बोटं ठेवली. मी म्हटलं, "रागव तरी."

"मग रागवेन, बाबा. आधी फोन करू दे."

११ मे, सोमवार

पायावर यंत्र फिरवलं. गुडघ्याच्या चार बोटं खाली नवी शीर तीन-चतुर्थांश बंद. सर्जनसाहेब म्हणाले, "थोडेच दिवस राहिले होते. पूर्ण बंद झाली असती तर फार काही हातात उरलं नसतं." गुरुवारी आतून फुगा घालून वाट मोठी करणार. जमलं तर पाय राहील.

मी सुनेला म्हटलं, "फुगा कशाला? तारेचा ब्रश घालून आतला गंज खरवडून काढा म्हणावं."

"बाबा, तो गंज नाहीये. बाहेरून आलेली घाणही नाही. शिरेची भिंतच आतल्या बाजूला वाढलीय, तुमच्याच पेशी आहेत त्या. खरवडलं तर नवी जखम होईल आणि त्या पुन्हा वाढायला लागतील."

"म्हणजे तू उपाशी ठेवतेस त्याच?"

"त्याच. हलक्या दाबाची शीर जास्त दाबाच्या लाइनवर टाकली, ताणली, शिवली. तिला वाटलं, मोठी इजा झाली. पेशी दुरुस्तीला धावल्या. तुमच्यात 'पुरे' म्हणणारं प्रथिन वेळेवर परतलं नसावं."

पस्तीस वर्षांत चोंदलेली प्रत्येक लाइन मी घाणीवर ढकलली. पाइप स्वतः काळजीपोटी जाड होतो, हे कुठल्या नळवाल्याच्या डोक्यात येईल? ही दुधाचा पेला घेऊन उभी होती. आजारपणात हिने मला सात किलोने वाढवलं आहे. तिच्याकडे बघितलं आणि त्या पेशींवर रागावता येईना.

फुगा फुगवणं हीसुद्धा इजाच ना, असं मी विचारलं. म्हणून फुग्याला औषध लावलेलं असतं, सून म्हणाली. ते भिंतीत उतरतं आणि पेशींची वाढ रोखतं.

घरी आल्यावर तिने हिरवी रेषा फाडली नाही. त्याच कागदावर वहीतले खरे आकडे लाल पेनाने मांडले. मार्चपासून दोन रेषा फुटल्या आहेत, एक सपाट, एक घसरगुंडी. मग ती रागावली. शांत आवाजात, पाच मिनिटं. "मला चांगली रेषा नको होती, बाबा. मला तुम्ही हवे आहात." मी मान वर केली नाही.

१५ मे, शुक्रवार, इस्पितळ

झालं. काल झालं. मी जागाच होतो. पडद्यावर शीर दिसत होती, मधेच दोऱ्याएवढी झालेली. फुगा गेला, फुगला, निघाला, आणि मग रक्तात सोडलेल्या रंगाची काळी धार सरळ पावलापर्यंत उतरली. सर्जनसाहेब म्हणाले, "अंगठा बघा." गुलाबी. जुलैत येणार होता, मग आधीच कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, वरच्या मजल्यावरची भिंत बेसूर गात होती. त्यांना वाटलं औषधाचा अंमल आहे.

गुडघ्याखाली बोट ठेवून बघतो. ठोका आहे, टपटप. गुणगुण गेली. माझ्या आयुष्यात शांततेचं इतकं सुख कधी वाटलं नव्हतं.

१६ मे, शनिवार, इस्पितळ

काल सून भेटायला आली तेव्हा विचारलं, औषध किती लावायचं हे यांना कसं कळतं? कमी पडलं तर वाढ होईल, जास्त झालं तर भिंत मरेल.

ती म्हणाली, "बरीच वर्षं लागली, बाबा. सगळ्यात आधी पेशींवर बघतात. ऑपरेशनमध्ये शिरेचा तुकडा उरतो. माणसाने हो म्हटलं तर तो प्रयोगशाळेत येतो, नाहीतर टाकून देतात. लोकांनी हो म्हटलं म्हणून कळलं."

ती गेली आणि मला तो कागद आठवला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरने पुढे केला होता. उरलेला तुकडा संशोधनासाठी द्याल का? मी "नाही"वर खूण केली होती. कारण सांगायला लाज वाटते. मला वाटलं, तुकडा उरावा म्हणून हे शीर मुद्दाम लांब कापतील. मी स्वतः पाइप कापताना वीतभर जास्तच धरतो, उरलेला पिशवीत टाकतो. जसा मी, तसे सगळे. सून तिथेच काम करते हे माहीत होतं, तरी तिला विचारलं नाही. नंतर सांगितलंही नाही.

आज माझ्या पायात उतरलेलं औषध हो म्हणणाऱ्यांच्या जिवावर उतरलं आहे. ती माणसं कोण होती, त्यांचे पाय राहिले की गेले, काही ठाऊक नाही. मनातल्या मनात एकेकाला हात जोडले. सुनेला सांगायला हवं. घरी गेल्यावर सांगेन.

३१ मे, रविवार

८२०, खरे. अजून सांगितलं नाही. चार वेळा विषय काढला आणि चारही वेळा हवापाण्यावर नेऊन सोडला.

३० जून, मंगळवार

यंत्राने पुन्हा पाहिलं. शीर मोकळी. सर्जनसाहेब पहिल्यांदा हसले. दर तीन महिन्यांनी यायचं. पावलं १३००, सिस्टरच्या समोर वही उघडून दाखवली. हिने आनंदाच्या भरात तिलाही प्रथिनाच्या पावडरचा डबा देऊ केला.

५ जुलै, रविवार

आज सुनेबरोबर तिच्या प्रयोगशाळेत गेलो. मीच म्हटलं, तुझी उपाशी मंडळी एकदा दाखव.

इमारतीत सुट्टीची सामसूम होती. मला पांढरा झगा घातला, बुटांवर पिशव्या चढवल्या. कपाटासारख्या उबदार पेटीतून तिने दोन चपट्या ताटल्या काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. पहिल्या ताटलीत पेशी एकमेकींवर चढलेल्या, ढीगच्या ढीग. दुसरीत लांबट, एकाच दिशेने शेजारी शेजारी पसरलेल्या, निवांत. "या दुसऱ्यांना मी 'पुरे' म्हणणारं प्रथिन वाढवून दिलंय," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदाही ऐकलं त्यांनी." तिचा चेहरा असा उजळलेला मी मार्चनंतर बघितला नव्हता.

मी डोळा लावून बसलो. पायात महिनाभर गुणगुणत होत्या त्या ह्याच. मग विचारलं, "ह्या कुणाच्या?"

"नाव नसतं, बाबा. नुसता आकडा. कुणीतरी हो म्हटलेलं."

आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे कळलं. डोळा काचेवरून न काढताच म्हणालो, "पोरी, मी नाही म्हटलं होतं. जानेवारीत. कागदावर."

"माहीत आहे."

मी मान वर केली. ती ताटलीचं झाकण पुसत होती.

"त्या दिवशी तुकडा आणायची पाळी माझी होती. खाली ऑपरेशनच्या दाराशी बर्फाचा डबा घेऊन उभी होते. कुणाचं ते आम्हाला सांगत नाहीत, फक्त हो किंवा नाही. सिस्टर बाहेर आल्या आणि नाही म्हणाल्या. त्या सकाळी पायाचं ऑपरेशन एकच होतं."

"मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"तुमची शीर आहे, बाबा. तुम्ही का नाही म्हटलं, हे मी कोण विचारणार? आणि तेव्हा मला फक्त एवढंच हवं होतं की तुम्ही धड बाहेर या." तिने ताटल्या आत ठेवल्या, पेटीचं दार हलकेच लावलं आणि म्हणाली, "चला, आई जेवायला थांबल्या असतील."

येताना तळमजल्यावर सिस्टरकडे गेलो. पुढेमागे माझ्या अंगातून काही काढावं लागलं तर उरलेलं सगळं द्यायचं, असा कागद मागून घेतला आणि सही केली. सिस्टरने विचारलं, काही अट? म्हटलं, लागलं तर लांब कापा.

आता जेवण झालंय. ही आणि सून आत भांडी आवरताहेत, कुणाचं तरी नाव घेऊन हसताहेत, बहुतेक माझंच. मी इथे बसून जानेवारीतला तो दिवस आठवतो आहे. भूल उतरली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि कुणीतरी चमच्याने पाणी पाजलं, कपाळावर हात ठेवला. तो हात गार होता. मला वाटलं, बाहेर थंडी असेल. सून नुकतीच तो बर्फाचा डबा रिकामाच ठेवून वर आली होती.